परतीच्या पार्सलचे खरे कारण

ऑनलाइन घेतलेला कुर्ता परत करायचा म्हटले की मोबाइलवर कारणांची यादी उघडते. माप बसत नाही, रंग फोटोपेक्षा वेगळा आहे, फाटका आला, भलतीच वस्तू आली, आता नको आहे. यातले एक कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परतीची विनंती मान्य होईल का, कोणी न्यायला येईल का, पैसे पूर्ण मिळतील का आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणाच्या खात्यातून कापला जाईल, हे बऱ्याचदा त्या एका निवडीवर ठरते. नेहमी खरेदी करणाऱ्यांना हे अनुभवाने कळलेले असते. मग ‘मला आवडला नाही’ असे सरळ सांगण्याऐवजी काही जण ‘खराब निघाला’ यावर बोट ठेवतात, कारण त्या वाटेने गेले की काम होते.

विक्रेत्याला कळते ते एवढेच, की आपला माल खराब निघाला. तो कापड तपासतो, शिलाई तपासतो, कारागिराला बोल लावतो. आणि छातीचे माप तक्त्यात दिले होते त्याहून इंचभर कमी भरते, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या महिन्यात तोच कुर्ता तितक्याच संख्येने परत येतो. ऑनलाइन परतीच्या साऱ्या प्रश्नाची गाठ मला इथे दिसते. परत करणे ग्राहक आणि दुकानदार दोघांनाही सोपे व्हायचे असेल, तर खरे कारण सांगणे ग्राहकाला परवडले पाहिजे. मुदत, फी, पिकअप, कायदा या सगळ्याकडे या बाजूने पाहिले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

न पाहिलेला माल मागवणे आपल्याकडे नवे नाही. टपाल खात्याची व्ही.पी. पद्धत १८७७ पासूनची. मराठी प्रकाशकांनी, मासिकांनी, औषधे आणि अत्तरे विकणाऱ्यांनी कित्येक दशके तिच्या आधारावर धंदा केला. पोस्टमनने दारात यावे, पैसे घ्यावेत, मगच पार्सल हाती द्यावे. पैसे न देता ते परत पाठवायची मुभा होती आणि परत आलेल्या व्ही.पी.चा टपालखर्च पाठवणाऱ्याच्या माथी बसे. त्यामुळे व्ही.पी. आली की सोडवून घ्या, अशी विनंती मासिके वर्गणीदारांना पुनःपुन्हा करत. अमेरिकेत शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड कंपनीने १८७२ मध्ये कॅटलॉगवरून विक्री सुरू केली आणि काही वर्षांतच ‘समाधान झाले नाही तर पैसे परत’ असे वचन छापले. दुकान दूर आणि माल न पाहिलेला असताना विश्वास बसवायचा तर परतीची हमी द्यावीच लागते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, तेव्हा भारतीय ग्राहकाचा तोच जुना अविश्वास दूर झाला आणि विक्रेत्याच्या माथी तोच जुना खर्च बसला. कार्ड नसलेला, किंवा असूनही ते वापरायला धजावत नसलेला फार मोठा वर्ग या एका सोयीमुळे ऑनलाइन खरेदीत आला. ही सोय चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण धंद्यातली माणसे ज्याला आरटीओ म्हणतात, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे. आरटीओ म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, ग्राहकाच्या हाती न पडताच निघाल्या ठिकाणी परत आलेले पार्सल. घराला कुलूप होते, पत्ता अर्धवट होता, फोन लागला नाही किंवा दारात उभ्या असलेल्या माणसाने ‘नको’ म्हटले. वस्तू घेऊन, उघडून, घालून पाहून केलेली परती ही निराळी. तिला कस्टमर रिटर्न म्हणतात. बाहेरच्या चर्चेत दोन्ही एकाच टक्केवारीत मोजल्या जातात आणि मग उपायही चुकतात. आरटीओवर मापाचा तक्ता सुधारून काही होत नाही. तिथे ऑर्डर नक्की केल्याचा एक फोन किंवा व्हॉट्सॲप संदेश, आधी पैसे भरणाऱ्याला थोडी सूट आणि नीट पत्ता, एवढ्यावर बरेच काम होते.

पत्त्याची गोष्ट तर स्वतंत्र लेखाची आहे. ‘मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीसमोर’ असा पत्ता गावातल्या पोस्टमनला पुरतो. रोज नव्या भागात पाठवल्या जाणाऱ्या कुरियरच्या मुलाला पुरत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन ही व्यवस्था आणली. तिच्यात देशाची जमीन साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी ती घडवण्यात हातभार लावला. विक्रीच्या ॲपांनी आणि कुरियर कंपन्यांनी हा संकेत मनावर घेतला, तर खेड्यापाड्यांतली कितीतरी पार्सले उलट पावली फिरायची वाचतील.

परतीचा खर्च किती, हे ग्राहकाला सहसा दिसत नाही. उदाहरणापुरता हिशेब मांडू. समजा, पाचशे रुपयांच्या कुर्त्यामागे विक्रेत्याला साठ-सत्तर रुपये सुटतात. माल परत आला की येण्याची वाहतूक त्याच्या खात्यातून कापली जाते. कराराप्रमाणे कधी जाण्याचीही. पाकीट, टेप, लेबल गेले. इस्त्री आणि घडी पुन्हा करायची. म्हणजे एका परतीने दोन विक्रींचा नफा गेला, आणि वस्तू धड परत आली असे धरून हा हिशेब आहे. शिवाय माल दोन-तीन आठवडे वाटेतच अडकतो. दिवाळीसाठी पाठवलेली साडी दिवाळीनंतर परत आली, तर तिला पुढच्या लग्नसराईची वाट पाहत पडून राहावे लागते. कागदोपत्री काम वेगळेच. परत आलेल्या मालासाठी जीएसटीची क्रेडिट नोट काढायची. ती विवरणात दाखवायला पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरची मर्यादा आहे. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याच्या रकमेतून जो कर कापून घेते, तो परती वजा केलेल्या निव्वळ विक्रीवर. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला, ही लहान विक्रेत्यांना खरी सवलत झाली. पण प्रत्येक परती बाजारपेठेच्या हिशेबाशी, कुरियरच्या नोंदीशी आणि आपल्या वहीशी जुळवत बसणे हे काम कोणत्याही दराने कमी होत नाही. सोलापूरचे टॉवेल किंवा कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्या चार माणसांच्या घरगुती धंद्यात हे काम रात्री जेवणानंतर होते.

कायदा काय म्हणतो? भारतात ‘मन बदलले’ म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. बऱ्याच ग्राहकांना तो आहे असे वाटते, कारण मोठ्या कंपन्यांनी सात किंवा दहा दिवसांची सवय लावली आहे. पण ती त्यांची स्वतःची धोरणे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात ते असे: वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येत नाही. परतीच्या आणि रिफंडच्या अटी आधीच स्पष्ट दाखवायच्या. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. सदोष माल परत न घेणे ही मूळ कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरचे वाक्य सदोष मालाच्या बाबतीत चालत नाही, हे अजूनही पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. २०११ च्या निर्देशानुसार, जून २०१४ पासून तिथल्या ग्राहकाला ऑनलाइन घेतलेली बहुतेक कोणतीही वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. ‘कारण न देता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण विचारले तरी त्यावर पैसे अवलंबून नसल्यामुळे ग्राहकाला खोटे बोलण्याची गरज उरत नाही. याच कायद्यात विक्रेत्याचीही बाजू राखली आहे. परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाने करावा अशी अट विक्रेता घालू शकतो, फक्त ती आधी सांगायला हवी. मापाने शिवलेले कपडे, सील तोडलेल्या आरोग्याच्या वस्तू यांना सूट आहे. आणि वस्तू पारखण्यासाठी दुकानात जितकी हाताळली असती त्याहून अधिक वापरली असेल, तर किमतीतून तेवढी घट कापता येते. ही शेवटची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. साडीची घडी मोडून पाहणे आणि ती लग्नात नेसून परत करणे यात फरक आहे, हे तिने नियमातच मान्य केले. अमेरिकेत ऑनलाइन खरेदीसाठी असा संघराज्यीय हक्क नाही. दारोदार विक्रीसाठी तीन दिवसांचा नियम आहे, तो इंटरनेटवरच्या खरेदीला लागू होत नाही. तिथे सगळे दुकानांच्या धोरणावर चालते.

मोकळ्या हक्काची किंमत जर्मनीत दिसली. बर्लिनच्या झालांडो कंपनीने शंभर दिवसांची मोफत परती देऊन नाव कमावले आणि मागवलेल्या मालापैकी साधारण निम्मा परत येतो, हे तिने लपवले नाही. एकच बूट तीन मापांत मागवायचा आणि दोन परत पाठवायचे, ही तिथे रीतच झाली. बाम्बेर्ग विद्यापीठात परतीच्या मालावर काम करणारा एक संशोधक गट आहे. त्याच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये जर्मनीत सुमारे २८ कोटी पार्सले परत आली आणि परत आलेल्या वस्तूंपैकी साधारण चार टक्के सरळ टाकून दिल्या गेल्या. हा वाटा लहान दिसतो. संख्येत तो जवळपास दोन कोटी वस्तूंचा आहे. नव्या, वापरता येणाऱ्या वस्तू निव्वळ तपासण्याचा खर्च परवडत नाही म्हणून नष्ट करणे मला सहन होत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करण्यास १९ जुलै २०२६ पासून बंदी घातली. ग्राहकाने परत पाठवलेला मालही त्या व्याख्येत येतो.

मग फी लावावी का? कपडे विकणाऱ्या झारा कंपनीने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये कुरियरने किंवा संकलन केंद्रावरून परत पाठवायला जवळपास दोन पौंड घ्यायला सुरुवात केली; दुकानात नेऊन दिले तर मोफत. पुढच्या वर्षी एच अँड एमही त्याच वाटेने गेली. एसोसने २०२४ मध्ये फी लावली ती सरसकट नव्हे, वारंवार परत करणाऱ्यांवर. मला यातली पहिली पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण ती ग्राहकाच्या स्वभावाचा न्याय करत नाही. खर्च वाचवणारी वाट स्वस्त ठेवते आणि निवड ग्राहकावर सोडते. अमेरिकेत हॅपी रिटर्न्स या कंपनीने हीच कल्पना पुढे नेली. खोके नको, लेबल नको. जवळच्या दुकानातल्या खिडकीवर वस्तू आणि क्यूआर कोड द्यायचा. तिथे अनेक ग्राहकांच्या, अनेक विक्रेत्यांच्या वस्तू एकत्र भरून एकाच खेपेत जातात. २०२३ मध्ये यूपीएसने ही कंपनी विकत घेतली.

फी आणि मुदत यांविषयी एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संशोधकांच्या सहभागाने, परतीच्या धोरणांवरच्या आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सैल धोरणाने परती वाढतात, पण खरेदी त्याहून अधिक वाढते, असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट दिसली: मुदत लांबवली की परती वाढत नाहीत, उलट कमी होण्याकडे कल असतो. वस्तू घरात जितकी राहते तितकी ती आपली वाटू लागते. शिवाय ‘उद्या मुदत संपतेय’ ही घाई नसते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या नेमके उलटे करत आल्या आहेत. मुदत दहाची सात दिवसांवर आणायची, काही वस्तूंना फक्त बदली, काहींना तेही नाही. घाईने ग्राहक आधी परतीची विनंती टाकून ठेवतो आणि मग विचार करतो.

भारतात एक प्रयोग मात्र असा झाला आहे, ज्याकडे जगाने पाहावे. मीशो या ऑनलाइन बाजारपेठेवर बऱ्याच वस्तूंना दोन किमती दिसतात. एक किंमत सगळ्या प्रकारच्या परतीसह. दुसरी थोडी कमी, पण वस्तू सदोष किंवा चुकीची आली तरच परत. खर्च उघड झाला आणि तो कोण उचलणार हे आधीच ठरले. ज्याला आपल्या मापाची खात्री आहे त्याने कमी पैसे द्यावेत. ज्याला खात्री नाही त्याने थोडे जास्त देऊन निर्धास्त व्हावे. मात्र यात एक फट आहे. कमी किमतीची निवड करून वस्तू आवडली नाही, तर ग्राहकापुढे ‘सदोष’ म्हणण्याखेरीज मार्ग उरत नाही. ठरावीक रक्कम कापून परत घेण्याचा तिसरा मार्ग ठेवला, तर खोट्या कारणांना आळा बसेल असे मला वाटते.

सदोष म्हटले की पुरावा आला. परत न्यायला आलेला मुलगा दारातच फोन काढून वस्तूचा फोटो जुळवतो, टॅग आहे का पाहतो, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक तपासतो. याला क्यूसी म्हणतात. या दोन मिनिटांत तो ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला एकमेव साक्षीदार असतो, आणि त्याला मोबदला मिळतो तो बहुधा पार्सलच्या संख्येवर. त्याने साडीची घडी उलगडून डाग शोधत बसावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. इथे चूक झाली की पुढे सगळेच अवघड होते. विक्रेत्याला नव्या चादरीऐवजी जुनी चादर परत मिळते. ग्राहकाने धड वस्तू दिलेली असताना ‘भलतीच वस्तू परत आली’ म्हणून त्याचा रिफंड अडकतो. म्हणून विक्रेते पाकीट भरतानाचे आणि परतीचे पाकीट उघडतानाचे व्हिडिओ काढून ठेवतात, कारण त्याशिवाय बाजारपेठेकडे केलेला त्यांचा भरपाईचा क्लेम मंजूर होत नाही. महागड्या वस्तूंसाठी फ्लिपकार्टने सुरू केलेली ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे ग्राहकासमोर खोके उघडून, वस्तू दाखवून मग ओटीपी घेणे, हा यावरचा सगळ्यात सरळ उपाय आहे. तो खर्चिक आहे, कारण दारातला वेळ वाढतो. पण तो वेळ नंतरच्या तीन आठवड्यांच्या वादापेक्षा स्वस्त पडतो, आणि त्या वेळेचा मोबदला त्या मुलाला वेगळा मिळायला हवा.

परती होऊच नये यासाठीचे काम सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात गुणकारी. कपड्यांत एका कंपनीचे ‘एल’ दुसरीच्या ‘एम’ एवढे असते. भारतीय शरीरांचा स्वतःचा प्रमाणित तक्ता नव्हता. ब्रिटिश आणि अमेरिकन मापांत काटछाट करून काम चालत आले. त्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. देशातल्या सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ती योजना. असा तक्ता लहान शिवणकाम करणाऱ्यांच्या हाती फुकट आणि मराठी, गुजराती, तमिळमधून पोहोचला पाहिजे. तोवर विक्रेत्याला एक गोष्ट आजच करता येते: ‘एल’ लिहून न थांबता कपडा जमिनीवर पसरून घेतलेली मापे इंचांत द्यायची, आणि कापडाचा फोटो खिडकीच्या उजेडातला ठेवायचा. रंग वेगळा निघाल्याच्या तक्रारी त्याने नक्की कमी होतात. बाजारपेठांनीही साथ द्यावी. ‘ही वस्तू वारंवार परत येते’ अशी पाटी ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत लावायला सुरुवात केली; पाटीखाली ती का परत येते हेही सांगितले, तर ग्राहक योग्य माप मागवेल आणि विक्रेता दुरुस्ती करेल. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक काढले आहे. परतीच्या कारणांसाठीही एक सामाईक यादी ठरायला काय हरकत आहे?

वाद झालाच, तर ग्राहकाला वाट आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे मराठीतही बोलता येते आणि बरेच रिफंड त्याच पायरीवर सुटतात. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावायची मुभा दिली, म्हणजे बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध लातूरचा माणूस लातूरमध्येच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. १९७४-७५ पासून पुण्या-मुंबईतल्या ग्राहक पंचायतींनी जी चळवळ उभी केली, तिचा अशा कायद्यांमागे मोठा वाटा आहे.

विक्रेत्याला मात्र हे दार सहसा बंद असते. तो बाजारपेठेची सेवा धंद्यासाठी घेतो, म्हणून कायद्याच्या व्याख्येत तो ग्राहक ठरत नाही. त्याच्या शिवणयंत्राला ‘स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू’ म्हणून सूट मिळू शकते. बाजारपेठेच्या सेवेला २०१९ च्या कायद्यात तशी सूट नाही. फाटकी साडी परत आली, व्हिडिओ जोडला, तरी क्लेम दोन ओळींच्या उत्तराने नाकारला, तर त्याच्याकडे उरते ते करारातले कलम आणि दूरच्या शहरातला लवाद. ऑनलाइन विक्रीच्या ओएनडीसीसारख्या खुल्या जाळ्यात तर घेणाऱ्याचे ॲप, विकणाऱ्याचे ॲप आणि कुरियर असे तिघे वेगळे असतात. परतीचा वाद झाला की जबाबदारी कोणाची हे आधी ठरवावे लागते. तक्रारीची ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल हा जो नियम ग्राहकासाठी २०२० मध्ये झाला, तोच परतीच्या मालावरच्या विक्रेत्याच्या क्लेमलाही लावावा, आणि नकार देताना दारातल्या क्यूसीचा फोटो व ग्राहकाने दिलेले कारण त्याला दाखवणे बंधनकारक करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ई-कॉमर्सच्या नियमांत एका पोटकलमाची भर पुरेल.